एका रिसेप्टरची चाळीस वर्षे

दम्याच्या रुग्णाने सालबुटामॉलचा पंप ओढला की काही मिनिटांत त्याच्या श्वासनलिका सैल पडतात. त्याच रुग्णाला रक्तदाबासाठी कोणी प्रोप्रानोलॉल दिले, तर मात्र श्वास कोंडण्याचा धोका असतो. म्हणून हे औषध लिहिण्यापूर्वी डॉक्टर दम्याची चौकशी करतात. श्वासनलिकेत ही दोन्ही औषधे जाऊन बसतात ती पेशीच्या आवरणातल्या एकाच रेणूवर, बीटा-२ रिसेप्टरवर. एक त्याला चेतवते, दुसरे नुसतीच त्याची जागा अडवते. हा रेणू संशोधकांच्या हाती कसा लागला, त्याची हकिगत पुढील पानांत आहे.

आजच्या पाठ्यपुस्तकांत रिसेप्टरची सुबक रंगीत चित्रे असतात. त्यामुळे वाचकांना असे वाटणे साहजिक आहे, की तो पहिल्यापासून ठाऊकच होता. वस्तुस्थिती उलट आहे. केंब्रिजच्या लँग्ली यांनी १९०५ मध्ये निकोटीन आणि क्युरारे यांचा स्नायूंवरील परिणाम पाहून, औषध धरून ठेवणारे काही द्रव्य पेशीत असले पाहिजे, असा तर्क मांडला. अमेरिकेत ऑलक्विस्ट यांनी १९४८ मध्ये अॅड्रिनॅलिनसाठी अल्फा आणि बीटा असे दोन प्रकार सुचवले. त्यांचा निबंध औषधिक्रियाविज्ञानाच्या नियतकालिकाने परत पाठवला. तो अखेर शरीरक्रियाविज्ञानाच्या नियतकालिकात छापून आला. याच तर्काच्या आधारे जेम्स ब्लॅक यांनी प्रोप्रानोलॉल घडवले आणि हृदयरोगाच्या उपचारांचा चेहरा बदलला. तरीही ऑलक्विस्ट स्वतः रिसेप्टरला एक सोयीची कल्पनाच मानत राहिले. औषध बाजारात आले होते. ते जिथे काम करते ती वस्तू कोणी पाहिली नव्हती!

रॉबर्ट लेफ्कोविट्झ यांच्या कारकिर्दीचे महत्त्व इथे आहे. ते हृदयरोगतज्ज्ञ व्हायला निघाले होते. व्हिएतनाम युद्धाच्या काळात तरुण डॉक्टरांना सक्तीची सेवा असे. ती बजावण्यासाठी १९६८ मध्ये ते बेथेस्डाच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत आले. एका हार्मोनला किरणोत्सारी आयोडीन जोडायचे आणि ते पेशीच्या आवरणाला नेमके कुठे चिकटते हे मोजायचे, असे काम त्यांना मिळाले. प्रयोग वर्षाहून अधिक काळ फसत राहिले, मग जमले. १९७३ मध्ये ते ड्यूक विद्यापीठात गेले आणि तिथेच राहिले. बीटा-रिसेप्टर शुद्ध करायचा तर तो सुमारे एक लाखपट संहत करावा लागे, इतका तो पेशीत विरळ असतो. या एका कामात त्यांच्या प्रयोगशाळेची अनेक वर्षे गेली. १९८६ मध्ये त्याच्या जनुकाचा क्रम हाती आला आणि एक अनपेक्षित नाते उघड झाले. डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या ऱ्होडॉप्सिनप्रमाणेच हा रेणूही आवरणातून सात वेळा आरपार जात होता. माणसात या घराण्याचे सुमारे ८०० सदस्य आहेत. वापरातील औषधांपैकी जवळजवळ एक तृतीयांश औषधे त्यांच्यावरच काम करतात.

वाचकांनी या विषयात शिरताना कुलूप-किल्लीची नेहमीची उपमा थोडी दूर ठेवावी. किल्लीने कुलपाचा आकार बदलत नाही. रिसेप्टरचा बदलतो, आणि त्या बदलातूनच आतला संदेश निघतो. तो जी-प्रथिनाकडे जातो, तिथून सायक्लिक एएमपीकडे, आणि पेशी कामाला लागते. सदरलँड, रॉडबेल आणि गिलमन ही या वाटेवरची मोठी नावे. शिवाय रिसेप्टर दमतो. औषधाचा सतत मारा झाला की एक एन्झाइम त्याच्यावर फॉस्फेट चढवते, मग अरेस्टिन नावाचे प्रथिन येऊन त्याला गप्प करते. पंप वरचेवर वापरल्यावर त्याचा गुण उणावतो, त्यामागे ही यंत्रणाही असते. पुढे अरेस्टिन स्वतःही संदेश पाठवते असे दिसले, आणि हवा तोच संदेश देणारी औषधे घडवण्याची आशा जागली. ती अजून पुरती फळाला आलेली नाही, असे माझे मत आहे. याच आशेतून घडलेले ऑलिसेरिडीन हे वेदनाशामक अमेरिकेत २०२० मध्ये मंजूर झाले, पण त्याच्या श्रेष्ठत्वाबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत.

लेफ्कोविट्झ यांचे शिष्य ब्रायन कोबिल्का यांनी २०११ मध्ये, जी-प्रथिनाला बिलगलेल्या अवस्थेतील हा रिसेप्टर स्फटिकरूपात टिपला. त्यासाठी लामा या प्राण्यापासून मिळवलेल्या चिमुकल्या प्रतिपिंडाचा आधार घ्यावा लागला. २०१२ चे रसायनशास्त्राचे नोबेल या दोघांना मिळाले. ड्यूकमध्ये लेफ्कोविट्झ यांच्याबरोबर काम केलेले अरुण शुक्ला आज कानपूरच्या आयआयटीत अरेस्टिनचा अभ्यास करतात, हेही अभिमानाने नोंदवावेसे वाटते.

तुम्ही विज्ञानाचे विद्यार्थी नसाल, तरी बिचकू नका. रेणूंची नावे पाठ करण्याची गरज नाही. प्रत्येक प्रयोगापाशी थांबून, यातून नेमके काय सिद्ध झाले आणि काय अजून तर्कच राहिले, एवढे स्वतःला विचारा. रसायनशास्त्र जड वाटले तर शुद्धीकरणाचा भाग सोडून थेट जनुकाच्या हकिगतीकडे जा. तो भाग नंतर सवडीने वाचला तरी चालेल.