नाव कुणाच्या नावावर? जुहूपासून महाळुंग्यापर्यंत डोमेन नोंदणीचा इतिहास

(थ्रेड) १९९९ साली चाकणजवळच्या महाळुंगे गावच्या हद्दीत बजाज ऑटोच्या नव्या कारखान्यात उत्पादन सुरू झाले. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयापुढे एका अक्षराचा तंटा आला. आणि त्याच वर्षी अमेरिकेत ‘डॉट कॉम’ नावांच्या नोंदणीवरचा एका कंपनीचा मक्ता मोडला. या तीन घटनांचा परस्परांशी संबंध नव्हता. आज मात्र महाळुंग्याच्या गाळ्यात सुटे भाग घडवणारा उद्योजक ‘वेबसाइट कुणाकडून घ्यावी?’ असे विचारतो, तेव्हा या तिन्ही गोष्टी एकत्र येतात.

मुळात हा एक प्रश्न नाही, दोन आहेत. नाव कुठे नोंदवायचे हा पहिला, आणि त्या नावामागची पाने कोणाच्या सर्व्हरवर ठेवायची हा दुसरा. पहिले काम रजिस्ट्रारचे, दुसरे होस्टिंगवाल्याचे. बाजारात दोन्ही एकाच पुडीत बांधून मिळतात, म्हणून त्यांतला भेद लोकांच्या ध्यानात राहत नाही.

इतिहासाच्या वाचकांना हा भेद अपरिचित नसावा. पेशवाईत पुणे प्रांतातल्या गावांत जमीन कसणारे मुख्यतः दोन प्रकारचे होते : मिरासदार आणि उपरी. मिरासदाराचा हक्क वंशपरंपरेचा. सारा भरत राहिला की त्याला सहसा कुणी उठवीत नसे. उपरी ठरलेल्या मुदतीपुरता, कौलाने जमीन कसत असे. डोमेन नाव मिरासीच्या जवळ जाते, होस्टिंग उपऱ्याच्या कसणुकीच्या. फरक एका ठिकाणी आहे आणि तो मोठा आहे. गाव सोडून गेलेला मिरासदार पुढे परत येऊन आपली मिरास मागू शके. डॉट कॉमसारख्या नावाचे नूतनीकरण चुकले, तर रजिस्ट्रारच्या मर्जीनुसार फार तर ४५ दिवसांची सवलत, पुढे ३० दिवस जादा पैसे भरून नाव सोडवण्याची मुभा, आणि त्यानंतर ५ दिवसांनी ते नाव जगातल्या कुणालाही घ्यायला मोकळे.

आता थोडे मागे जाऊ. १९८० च्या दशकाच्या आरंभी इंटरनेटच्या पूर्वावतारात प्रत्येक संगणकाचे नाव एकाच यादीत लिहिलेले असे. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा चमू ती सांभाळीत असे. यादी हाताबाहेर जाऊ लागली, तेव्हा १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नावांची उतरंड असलेली आजची व्यवस्था मांडली. पुढे देशांना दोन-दोन अक्षरे मिळाली. भारताचे ‘डॉट इन’ १९८९ मध्ये मुंबईतल्या जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे, म्हणजे एनसीएसटीकडे, आले. या केंद्राचे प्रमुख श्रीनिवासन रमणी. शैक्षणिक संस्थांना जोडणारे ‘अर्नेट’ उभारण्यात त्यांचा मोठा वाटा होता. भारताच्या नावांची पहिली चोपडी अशी एका संशोधन संस्थेत उघडली गेली, दुकानात नव्हे.

त्याचा परिणाम व्हायचा तो झाला. नियम कडक होते. १९९२ ते २००४ या बारा-तेरा वर्षांत ‘डॉट इन’खाली जेमतेम ७,००० नावे नोंदली गेली. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले. पण भारतीय व्यापाऱ्याने नाव घ्यायचे ठरवले, तर तो बहुधा ‘डॉट कॉम’कडेच वळे. तिथे नेटवर्क सोल्युशन्स ही एकच कंपनी सप्टेंबर १९९५ पासून दोन वर्षांचे १०० डॉलर घेत होती.

१९९८ मध्ये ‘आयकॅन’ ही संस्था स्थापन झाली आणि पुढल्याच वर्षी तिने घाऊक व किरकोळ वेगळे केले. नावांची मूळ वही एकाकडे, ती ग्राहकाला विकणारे रजिस्ट्रार अनेक, आणि त्यांच्या खाली असंख्य रीसेलर. बाजार समितीतील अडत्यांची साखळी ज्याने पाहिली आहे, त्याला ही रचना समजावून सांगावी लागणार नाही. १९९८ मध्येच मुंबईत भाविन आणि दिव्यांक तुरखिया या अगदी तरुण भावांनी ‘डिरेक्टी’ सुरू केली. रीसेलरक्लब, पब्लिक डोमेन रजिस्ट्री, बिगरॉक ही नावे त्याच घरातली. २०१४ मध्ये हा व्यवसाय अमेरिकेच्या एन्ड्युरन्स समूहाकडे गेला.

आणि तो एका अक्षराचा तंटा? ‘रेडिफ’ या मुंबईच्या कंपनीविरुद्ध ‘रॅडिफ’. रोमन लिपीत एका स्वराचा फरक. मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये रेडिफच्या बाजूने मनाई हुकूम दिला. डोमेन नाव हा केवळ पत्ता नसून त्याला ट्रेडमार्कसारखे संरक्षण मिळायला हवे, असे न्यायालयाचे मत पडले. २००४ मध्ये ‘सत्यम इन्फोवे’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याच दिशेचा निर्णय दिला. मिरासीला कायद्याचा आधार मिळाला तो इथे.

१ जानेवारी २००५ पासून ‘डॉट इन’ची चोपडी ‘निक्सी’ या संस्थेच्या व्यवस्थेत आली आणि फेब्रुवारीत ती सर्वांना खुली झाली. नावे स्वस्त झाली, विक्रेते वाढले. इथून पुढची कथा भरभराटीची म्हणून सांगितली जाते, आणि ती बऱ्याच अंशी खरीही आहे. पण मला त्यातले एक प्रकरण अधिक महत्त्वाचे वाटते.

नेट फोर इंडिया ही देशातल्या जुन्या रजिस्ट्रार कंपन्यांपैकी एक. नाव, होस्टिंग, ईमेल, सारे ती एकाच छताखाली देई. मार्च २०१९ मध्ये तिच्याविरुद्ध दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली. हळूहळू ग्राहकांच्या तक्रारी ‘आयकॅन’कडे साचू लागल्या : नूतनीकरण होत नाही, नाव दुसरीकडे नेण्यासाठी लागणारा संकेतांक मिळत नाही. ज्यांचे सारे एकाच घरी होते, त्यांची अडचण दुहेरी. पाने दुसऱ्या सर्व्हरवर हलवता येतात, पण नावच बांधलेले असेल तर त्या नव्या जागेकडे बोट कोण दाखवणार? फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘आयकॅन’ने मान्यता काढून घेण्याची नोटीस दिली. अखेर त्या वर्षी सुमारे ७०,००० नावे दुसऱ्या रजिस्ट्रारकडे सोपवली गेली. तो रजिस्ट्रार कोणता? पब्लिक डोमेन रजिस्ट्री, तुरखिया बंधूंच्या मुंबईच्या घरातून निघालेली.

महाळुंग्याच्या गाळ्यात या प्रकरणाचा अर्थ थेट आहे. तिथे वेबसाइट हे शोभेचे पान असेल. पण त्याच नावावर ईमेल चालते, आणि मोठ्या कारखान्याची दरपत्रकाची विचारणा, खरेदी आदेश, नकाशातली दुरुस्ती त्यावरच येते. नाव बंद पडले की पान दिसत नाही एवढेच होत नाही, आदेश येणे थांबते. म्हणून स्वस्त कोण, हे पाहण्याआधी नोंदीत मालक म्हणून कुणाचे नाव आहे ते पाहावे. वेबसाइट बनवणाऱ्याने डोमेन स्वतःच्या नावावर घेतलेले असणे, ही या पट्ट्यातही नवलाची गोष्ट नाही. एमआयडीसीला जमीन देताना सातबाऱ्यावरचे प्रत्येक नाव तपासणाऱ्या घरातला मुलगा आपल्या धंद्याच्या नावाचा उतारा मात्र कधी मागत नाही! नोंदणीचा ईमेल पत्ता त्याच डोमेनवरचा नसावा, हेही तितकेच महत्त्वाचे. नाव बंद पडले तर नूतनीकरणाची सूचनाही त्याच्याबरोबर बुडते.

होस्टिंगबाबत इतकी धास्ती बाळगण्याचे कारण नाही. एकेकाळी भारतीय संकेतस्थळे सर्रास अमेरिकेत ठेवली जात, आणि देशातल्या देशात जाणारी माहितीही परदेशी फेरा मारून येई. तो फेरा टाळण्यासाठीच २००३ मध्ये ‘निक्सी’ स्थापन झाली होती. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या क्लाउडचे एक केंद्र पुण्यात सुरू केले, २०१६ मध्ये ॲमेझॉनचे मुंबईत आले. होस्टिंगवाला बदलता येतो, मात्र पानांची प्रत आपल्या हाताशी हवी आणि नाव वेगळ्या घरी असलेले बरे.

राहता राहिली लिपी. २७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरीतले ‘डॉट भारत’ सुरू झाले, मराठी आणि कोकणीसह आठ भाषांसाठी. गावाचे नाव रोमन लिपीत लिहिताना ‘एच’ नेमका कुठे घालायचा आणि ‘ळ’चे काय करायचे, यावर चाकण परिसरातल्या पाट्यांचेही एकमत नाही, देवनागरीत तो वाद संपतो. पूर्ण मात्र संपत नाही. ‘महाळुंगे’ लिहिणारे आहेत तसे ‘म्हाळुंगे’ लिहिणारेही आहेत, तेव्हा काळजी घेणाऱ्याला दोन्ही नावे नोंदवावी लागतील.