आकडीची गोळी आणि हिरड्या

आम्ही कामगारांत वावरणारी माणसे. औषधाचा विचार करताना पहिला प्रश्न मनात येतो तो रोगी कामावर परतेल का, हा. आकडीवर पूर्वी ब्रोमाइड देत. १९१२ पासून फेनोबार्बिटल आले. झटके कमी होत, पण गुंगी येई. गुंगीत काम कसले होणार?

१९०८ साली हाइनरिश बिल्ट्झ यांनी फेनिटॉइन तयार केले. परंतु ते झोप आणीत नाही, म्हणून बाजूला पडले. १९३८ साली बॉस्टनमध्ये मेरिट व पटनम यांनी हाच त्याचा गुण ठरवला. मेंदूच्या पेशींत सोडियम शिरण्याच्या वाटा ते आवरते. पेशींची अनावर खळबळ शमते, आणि माणूस जागा राहतो.

मात्र १९३९ सालीच किंबॉल यांनी ह्या औषधाने हिरड्या वाढतात, असे नोंदवले. वाढलेल्या हिरड्या दात झाकतात, रक्त येते. शरमेने माणूस गोळी सोडतो आणि झटके परततात. वास्तविक दातांवर कीट साचू दिले नाही, तर ही वाढ पुष्कळ आटोक्यात राहते. म्हणून आमचे सांगणे एवढेच: दंतवैद्याला गोळीचे नाव सांगा, डॉक्टरांना हिरड्या दाखवा, गोळी मात्र आपल्या मनाने सोडू नका.