म्हशीच्या पाठीवरचा बगळा खरंच गोचीड खातो का?

म्हशीच्या पाठीवर ऐटीत बसलेला पांढराशुभ्र बगळा. हा फोटो सोशल मीडियावर अधूनमधून फिरत असतो आणि त्याखाली ठरलेली माहिती असते. बगळा म्हशीच्या अंगावरचे गोचीड खातो, म्हैस त्याला फुकटात फिरवते, दोघांचाही फायदा. ऐकायला छान वाटतं, पण ही गोष्ट जेमतेम अर्धी खरी आहे. ज्याच्या दावणीला जनावरं आहेत, त्याला उरलेली अर्धी माहीत असलेली बरी.

फोटोतला पक्षी म्हणजे गायबगळा. काही भागांत त्याला ढोरबगळा म्हणतात. पाण्याकाठच्या छोट्या बगळ्याशी त्याची गल्लत होते, पण चोच पाहिली की ओळख पटते. गायबगळ्याची चोच पिवळी, छोट्या बगळ्याची काळी. विणीच्या काळात गायबगळ्याचं डोकं, मान आणि पाठ केशरी होते, त्यामुळे अनेकांना तो वेगळाच पक्षी वाटतो. त्याच्या शास्त्रीय नावातला 'बुबुल्कस' हा लॅटिन शब्द, अर्थ गुराखी.

गाय चरते, बगळा जेवतो

गायबगळ्याचं मुख्य खाणं गोचीड नाही. नाकतोडे, टोळ, रातकिडे, माश्या, कोळी, बेडूक हे त्याचं जेवण. हे किडे गवतात दडून बसलेले असतात आणि एकट्या बगळ्याला सहज सापडत नाहीत. गाय चरत पुढे सरकली की तिच्या खुरांमुळे आणि तोंडामुळे गवत हलतं, किडे उडतात आणि बगळा ते टिपतो. शिकारीत हाकारे जे काम करायचे, तेच इथे गाय करते, तेही नकळत.

याचा फायदा मोजलाही गेला आहे. एका अभ्यासात जनावराजवळ फिरणाऱ्या गायबगळ्याला एकट्यापेक्षा सुमारे ३.६ पट भक्ष्य मिळाल्याचं दिसलं. गायीचा वेगही त्याला ठरावीक लागतो. मिनिटाला साधारण ५ ते १५ पावलं टाकणारं जनावर त्याच्या सोयीचं. फार भरभर चालणाऱ्या किंवा जागेवरून न हलणाऱ्या जनावराचा उपयोग कमी. म्हणून बसून रवंथ करणाऱ्या गायीपेक्षा चरणाऱ्या गायीभोवती बगळे जास्त दिसतात. चांगली गाय मिळाली की बगळा दुसऱ्याला जवळ फिरकू देत नाही. पाठीवर बसणं हा जोडधंदा. तिथे एखादी माशी किंवा गोचीड मिळाला तर तो खातो, पण त्यावर त्याचं पोट भरत नाही.

हीच समजूत हवाई बेटांवर महागात पडली. जनावरांना छळणाऱ्या माश्या कमी व्हाव्यात म्हणून १९५९ मध्ये तिथे गायबगळे मुद्दाम आणून सोडले. पुढे ते स्थानिक पाणपक्ष्यांची पिल्लंही खाऊ लागले आणि विमानतळांवरही डोकेदुखी ठरले.

कळपामागे बगळा एकटा नसतो. दुभंगलेल्या शेपटीचा काळा कोतवाल गुरांच्या पाठीचा मचाणासारखा वापर करतो आणि उडालेला किडा हवेतच पकडून परत येऊन बसतो. साळुंकी खुरांजवळून तुरुतुरु चालते. तिच्या शास्त्रीय नावाचा अर्थच 'टोळांची शिकार करणारी'. हिवाळ्यात पाहुणा येणारा पिवळा धोबीही शेपटी हलवत याच पंगतीत असतो.

मग गोचीड कोण खातं?

आपल्याकडे त्यातल्या त्यात कावळा. गाय किंवा म्हैस निवांत बसली की तो कानाजवळचे, मानेवरचे गोचीड उचलतो, जनावरही गप्प राहतं. पण अंगावर जखम असेल तर कावळा तीही टोचतो. अशा वेळी त्याला हाकलणंच योग्य.

आफ्रिकेतला ऑक्सपेकर तर गोचीड खाण्यासाठीच प्रसिद्ध आहे. पण झिंबाब्वेत बैलांवर झालेल्या आणि २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या पक्ष्यांमुळे मोठ्या गोचिडांची संख्या घटल्याचं आढळलं नाही. उलट रक्ताच्या आशेने ते जखमा उघड्या ठेवत होते.

त्यामुळे बगळे येतात म्हणून गोठ्याची फवारणी टाळणं धोक्याचं. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी जनावराच्या अंगावरून गळून पडते आणि गोठ्याच्या भिंतीच्या, जमिनीच्या भेगांत अंडी घालते. तिथे कुठल्याच पक्ष्याची चोच पोहोचत नाही. गोचीड ताप संकरित गाईंना जास्त जड जातो, तो जिवावरही बेततो. फवारणी कशाची आणि किती करायची, हे पशुवैद्यकाला विचारूनच ठरवावं.

औषध जनावराला, परिणाम पक्ष्यावर

विचारून ठरवण्याचं आणखी एक कारण आहे. दक्षिण आफ्रिकेत एकेकाळी गोचीड मारायला जनावरं आर्सेनिकच्या द्रावणात बुडवून काढत. तिथल्या अनेक भागांतून ऑक्सपेकर दिसेनासे झाले, त्यामागचं हे एक मोठं कारण.

भारतात गिधाडांचं जे झालं ते याहून भयंकर. गिधाडं जिवंत गुरांमागे फिरत नाहीत, पण शतकानुशतकं त्यांचं पोट गावच्या मेलेल्या गुरांवरच भरत आलं. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडाने ते खाल्लं की त्याची मूत्रपिंडं निकामी होतात. १९९२ ते २००७ या काळात भारतातल्या पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी आली, तर २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅकवर. गिधाडांना सुरक्षित ठरलेलं मेलॉक्सिकॅम हे औषध बाजारात मिळतं.

गायबगळ्यावर मात्र अजून अशी वेळ आलेली नाही. गायरानं आणि चरणारे कळप कमी झाले तसा त्याने दुसरा हाकारा शोधला, नांगरणीचा ट्रॅक्टर. फाळामागे उघड्या पडणाऱ्या किड्यांवर त्याचं जेवण जवळपास गायीमागच्या इतकंच होतं, फक्त धावपळ जास्त करावी लागते.