श्रोत्याचें दान

दानाविषयीं आपल्या मनांत एक जुनी समजूत घर करून आहे. दान म्हणजे त्याग. ज्या देण्यांत देणाऱ्याला कांहींच सोसावें लागत नाहीं, उलट सुखच मिळतें, त्यास दान म्हणावें कीं नाहीं, अशी शंका विचारी माणसेंही घेतात. धर्मार्थ जलशाचें तिकीट काढणारा रसिक या शंकेच्या कैचींत हटकून सांपडतो. त्यानें पैसे मोजले ते रोग्यासाठीं, कीं स्वतःच्या कानांसाठीं? या प्रश्नाचें उत्तर तर्कानें देण्यापेक्षां इतिहासाला विचारणें बरें. त्या इतिहासाचा एक धागा डब्लिनच्या तुरुंगापासून निघून लंडनच्या कर्करोग-विभागापर्यंत जाऊन पोंचतो.

१७४२ सालच्या एप्रिलच्या १३ व्या तारखेस हँडेलच्या 'मसाया' या रचनेचा पहिला प्रयोग डब्लिन येथें झाला. उत्पन्नाचे तीन वाटे आधींच ठरले होते : एक कर्जापायीं तुरुंगांत खितपत पडलेल्या कैद्यांच्या सुटकेसाठीं आणि उरलेले दोन शहरांतील दोन रुग्णालयांसाठीं. गर्दी लोटणार हें ओळखून, स्त्रियांनीं झग्यांना फुगवटा देणाऱ्या कड्या घालून येऊं नये आणि पुरुषांनीं कमरेची तरवार घरींच ठेवावी, अशी विनंती वर्तमानपत्रांतून करण्यांत आली. त्या युक्तीनें ६०० माणसांच्या जागेंत ७०० माणसें मावलीं. सुमारें ४०० पौंड जमले आणि १४२ ऋणको बंधमुक्त झाले. त्या ७०० श्रोत्यांपैकीं किती जण कैद्यांच्या कळवळ्यानें आले आणि किती जण केवळ गाण्याच्या ओढीनें, हें ज्यानें त्यानेंच जाणावें. तुरुंगाचा दरवाजा मात्र सर्वांच्या पैशानें सारखाच उघडला.

पुढची हकीकत याहून बोधप्रद आहे. टाकून दिलेल्या अर्भकांसाठीं थॉमस कोरम नांवाच्या एका वृद्ध नाविकानें खटपट करून लंडनांत अनाथगृह काढलें होतें. त्यास १७३९ मध्यें राजसनद मिळाली. तेथील प्रार्थनामंदिराच्या साह्यार्थ हँडेलनें १७४९ मध्यें एक जलसा केला आणि १७५० च्या १ मे रोजीं त्याच मंदिरांत 'मसाया'चा प्रयोग लावला. तिकीट अर्ध्या गिनीचें. तरीही लोक इतके जमले कीं कित्येकांना दारावरूनच परतावें लागलें, आणि त्यांच्यासाठीं १५ मे रोजीं दुसरा प्रयोग करावा लागला. तेव्हांपासून हा प्रघातच पडला. १७५९ मध्यें हँडेल वारला. त्यानें आपल्या मृत्युपत्रांत या रचनेची एक प्रत अनाथगृहास ठेवली होती. प्रयोग १७७७ पर्यंत चालू राहिले, आणि अनाथगृहाच्या पदरांत एकंदर सुमारें ७,००० पौंड पडले.

येथें एक गोष्ट ध्यानीं घेण्याजोगी आहे. करुणेला भरती येते तशी ओहोटीही लागते. पहिल्या वर्षीं अनाथ अर्भकांची कहाणी ऐकून ज्याचे डोळे पाणावतात, त्यालाच पांचव्या वर्षीं ती कहाणी शिळी वाटूं लागते. गाण्याचें तसें नाहीं. आवडलेलें गाणें पुनःपुन्हां ऐकावेंसें वाटतें. अनाथगृहाला सत्तावीस वर्षें जो आधार मिळाला, तो केवळ दयेच्या बळावर मिळाला असता कीं काय, याची आम्हांस शंकाच आहे. दयेनें आरंभिलेलें कार्य आवडीनें तडीस नेलें.

आपल्या वाचकांस हें परकें वाटण्याचें कारण नाहीं. ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईंत टिळक स्वराज्य फंडासाठीं 'संयुक्त मानापमान' झालें; बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर एकाच रंगभूमीवर उभे राहिले. प्रेक्षकांनीं जबर किंमतीचीं तिकिटें काढलीं तीं स्वराज्यासाठीं, कीं ते दोन गळे एकत्र ऐकण्यासाठीं? त्या रात्रींच्या प्रेक्षकाला हा प्रश्न कोणीं विचारला असता, तर तो बहुधा हसला असता.

कर्करोगाशीं या परंपरेचा संबंध जुळला तो एका गायिकेच्या मरणानें. कॅथलीन फेरियर ही लँकेशायरमध्यें १९१२ सालीं जन्मलेली, आरंभीं टेलिफोनच्या कचेरींत काम करणारी मुलगी. १९४३ मध्यें वेस्टमिन्स्टर ॲबेंत ती गाइली, तोही 'मसाया'च. आणि तिच्या खोल, गंभीर आवाजाची लंडनला ओळख पटली. १९५१ मध्यें तिला स्तनाचा कर्करोग झाल्याचें निघालें. शस्त्रक्रिया झाली, तरी तिनें गाणें सोडलें नाहीं. ६ फेब्रुवारी १९५३ रोजीं कॉव्हेंट गार्डनमध्यें ग्लुकच्या संगीतिकेंत ती ऑर्फियसची भूमिका करीत असतां, रोगानें पोखरलेलें तिच्या पायाचें हाड रंगभूमीवरच मोडलें. आधार घेऊन तिनें प्रयोग शेवटास नेला. प्रेक्षकांना कांहीं कळलें नाहीं. ८ ऑक्टोबर १९५३ रोजीं, वयाच्या ४१ व्या वर्षीं ती वारली. मे १९५४ मध्यें तिच्या नांवानें कर्करोग-संशोधनाचा निधि सुरू झाला. त्याच निधीच्या साह्यानें १९८४ मध्यें लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज रुग्णालयांत कर्करोगचिकित्सेचें अध्यापकपद स्थापन झालें. मध्यें तीस वर्षें गेलीं. एवढा काळ एखाद्या नांवाची पत टिकते ती तें नांव ऐकतांच ज्यांच्या कानांत आवाज घुमतो अशा माणसांमुळें.

आतां अलीकडची गोष्ट. कर्करोग झालेल्या चौदापंधरा वर्षांच्या मुलाची रुग्णालयांत मोठी कुचंबणा होत असे. बालविभागांत त्याच्या शेजारीं पाळण्यांतलीं मुलें, प्रौढविभागांत आजोबांच्या वयाचे रोगी. ही उणीव ओळखून टीनएज कॅन्सर ट्रस्ट या संस्थेनें १९९० मध्यें लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयांत अशा वयासाठीं पहिला स्वतंत्र विभाग उघडला. २००० सालीं 'द हू' या वाद्यवृंदाचा गायक रॉजर डाल्ट्री यानें तिच्या साह्यार्थ रॉयल अल्बर्ट हॉलमध्यें जलशांची वार्षिक मालिका सुरू केली. २०२४ पर्यंत तिचीं सूत्रें त्याच्या हातीं होतीं, आणि तेवढ्या काळांत ३ कोटि पौंडांहून अधिक रक्कम जमली.

गायकांचीं नांवें फलकावर झळकतात. श्रोत्याचें नांव कोठेंच नसतें. पण त्याचें आयुष्य डोळ्यांपुढें आणून पाहावें. विशींत तो स्वस्त तिकिटासाठीं रांगेंत ताटकळला. चाळिशींत पत्नीला घेऊन आला. पन्नाशींत, ओळखीच्या कोणाचा मुलगा त्या विभागांत पडून आहे असें कळल्यावर, तोच दाराशीं डबा घेऊन उभा राहिला. गाण्यानें त्याला तेथें आणलें आणि मग रोग्यांनीं त्याला ठेवून घेतलें. आधीं त्याग आणि मग समाधान, हा जो क्रम आपण धरून चालतों, तो त्याच्या बाबतींत उलटा झाला. फळ मात्र उणें झालें नाहीं.

अर्थात् नुसत्या उत्साहानें भागत नाहीं. १ ऑगस्ट १९७१ रोजीं पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनीं बांगलादेशच्या निर्वासितांसाठीं न्यूयॉर्क येथें दोन जलसे केले. त्यांच्या तिकिटांचे सुमारें २,४३,००० डॉलर युनिसेफच्या हातीं पडले. परंतु ध्वनिमुद्रिकांच्या व चित्रपटाच्या उत्पन्नाचा मोठा भाग करआकारणीच्या कचाट्यांत कित्येक वर्षें अडकून पडला. श्रोत्यानें विश्वासानें पैसा द्यावा, तर चालकांनीं तो वेळेवर पोंचविण्याची तजवीज आधीं केली पाहिजे. औषधाला उशीर झाला तर हिशेब चोख असूनही रोग्याला त्याचा उपयोग नाहीं.

तेव्हां रसिकाच्या हेतूची चिकित्सा करीत बसण्यापेक्षां, पैसा कोठें जातो आणि तो दरवर्षीं येत राहतो कीं नाहीं, हें पाहणें अधिक शहाणपणाचें. डब्लिनच्या तुरुंगांतून बाहेर पडलेल्या त्या १४२ जणांनीं आपल्याला कोणाच्या दयेनें सोडविलें आणि कोणाच्या छंदानें, याची चौकशी केली असेल असें आम्हांस वाटत नाहीं. ते आपापल्या घरीं गेले.