सूत्राचं चित्र

आता गंमत बघा. वेब जन्माला आलं सर्नमध्ये, भौतिकशास्त्रज्ञांच्या घरात, आणि तिथं साधं वर्गमूळ लिहायची सोय नव्हती! १९९५च्या एचटीएमएल ३.०च्या मसुद्यात गणिताचा टॅग होता, ३.२मध्ये तो गळाला. मग लोक सूत्राचं चित्र करून चिकटवायचे. डोळस माणसाचं भागलं. पण चित्राला पर्यायी मजकूर नसला की दृष्टिहीन विद्यार्थ्याचा स्क्रीन रीडर तिथं मुका व्हायचा.

१९९८ साली मॅथएमएल आलं. अंश कुठला, छेद कुठला, हे पानातच लिहिलेलं, स्क्रिप्ट नको. फायरफॉक्सनं ते स्वीकारलं. क्रोमनं मात्र २०१३मध्ये एका आवृत्तीत घेतलं, पुढच्याच आवृत्तीत काढलं. दहा वर्षं आपण मॅथजॅक्ससारख्या स्क्रिप्टवर काढली. २०२३च्या जानेवारीत ते क्रोममध्ये परतलं, इगालिया या स्पेनमधल्या सहकारी कंपनीच्या खटपटीमुळे.