कीर्तनात अब्राहाम

कीर्तनाच्या उत्तररंगात आख्यान लागतं. हरिश्चंद्र, ध्रुव, गोरा कुंभार ही तिथली नेहमीची मंडळी. त्याच जागी बायबलमधली कथा उभी राहिली ती अहमदनगरात.

अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये नगरला ठाणं केलं. उपासनेत परदेशी चालींची गीतं असत. गावकरी मात्र ओवी-अभंगांवर वाढलेला. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी 1860 च्या दशकात थेट कीर्तनच हाती घेतलं. निरूपण, पद, साकी, दिंडी, टाळ, मृदंग सगळं तेच, कथा तेवढी ख्रिस्ताची. पुढे ना. वा. टिळकांनी नगरला राहून ख्रिस्तभक्तीचे अभंग रचले आणि ‘ख्रिस्तायन’ हे काव्य आरंभलं. 1919 मध्ये ते गेले. उरलेलं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं.

कोकणातल्या तेलाच्या घाण्यांवरून मुंबईला आलेल्या बेने इस्रायली ज्यूंनीही 1880 च्या सुमारास कीर्तनं सुरू केली. योसेफ, मोशे त्यांच्या पूर्वजांतलेच. मराठीत टाळ धरून ते घरच्यासारखे गायले गेले.

दोन्ही कीर्तनांतली ही माणसं एकाच घराण्यातली. उर नगर सोडून कनान देशाकडे निघालेला अब्राहाम हा त्या घराण्याचा मूळपुरुष. ज्यू आपलं मूळ त्याचा मुलगा इसहाक याच्याकडून सांगतात. येशू ज्यू घरातच जन्मला. इस्लाम सातव्या शतकात मक्का-मदिनेत उभा राहिला, पण कुराणातला इब्राहिम तोच, आणि काबा त्याने इस्माईल या मुलासह बांधला अशी श्रद्धा. मुलाच्या बलिदानाची कथा ज्यू-ख्रिस्ती इसहाकाची म्हणून सांगतात, बहुतेक मुसलमान इस्माईलची. बकरी ईद तिचीच आठवण. जेरुसलेम तिघांनाही पवित्र.

नगर जिल्ह्यात तर अब्राहामाच्या या परंपरेतला एक माणूस सांगळ्यांच्या दोन शतकं आधीच मराठीत रमला होता. श्रीगोंद्याचे शेख महंमद. चांद बोधल्यांचे शिष्य, ‘योगसंग्राम’चे कर्ते. त्यांनी ओवीत कुराणातल्या कथा सांगितल्या नाहीत, योग आणि भक्ती मांडली. मला ते अधिक धाडसाचं वाटतं. श्रीगोंद्यात त्यांच्या समाधीला हिंदू आणि मुसलमान दोघेही माथा टेकतात.

मराठी कीर्तनाचा इतिहास सांगताना नारदीय आणि वारकरी या दोन धारांवर थांबणं अपुरं आहे. सांगळे आणि बेने इस्रायली कीर्तनकार त्याच इतिहासाचे आहेत. त्यांच्या नावाचं प्रकरण त्यात असलंच पाहिजे.