बीडब्ल्यूएपीआय
ब्लिझर्ड कंपनीने 1998 साली विक्रीस आणलेल्या ‘स्टारक्राफ्ट’ या व्यूहप्रधान संगणकीय खेळाच्या ‘ब्रूड वॉर’ या पुरवणीशी, तिची मूळ संहिता हाती नसतानाही, बाहेरच्या प्रोग्रॅमला व्यवहार करता यावा म्हणून सी प्लस प्लस भाषेत रचलेली मुक्त लायब्ररी. चालू खेळाच्या मेमरीत शिरून ती पथके, इमारती व खनिजसाठे यांची बित्तंबातमी घेते आणि प्रत्येक फ्रेमला, म्हणजे सर्वांत जलद गतीत सेकंदास सुमारे 24 वेळा, ‘ऑनफ्रेम’ या फंक्शनास पाचारण करते. तेवढ्या अवकाशात एखाद्या रिकाम्या कामगारास जवळच्या खनिजाकडे रवाना करावयाचे, की फौजेची जमवाजमव करावयाची, हा अखत्यार मात्र प्रोग्रॅम लिहिणाराचा. धुक्याआड दडलेला शत्रूचा मुलूख ती आपण होऊन उघडा करीत नाही, आणि हा संयमच तिचे खरे भूषण मानावयास हवे. एरवी प्रोग्रॅमच्या खेळाची मनुष्याशी तुलनाच निरर्थक ठरती. 2010 साली स्टॅनफर्ड येथे भरलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या परिषदेतील स्पर्धेत बर्कलीच्या ‘ओव्हरमाइंड’ने ‘म्यूटालिस्क’ नामक उडत्या प्राण्यांचे थवे नाचवून अव्वल क्रमांक पटकावला, तो याच लायब्ररीच्या आधारे. मेमरीतील पत्ते आवृत्तीगणिक बदलत असल्याने तिचा संसार खेळाच्या 1.16.1 या जुन्या आवृत्तीशीच जखडलेला आहे.